कल्पना कोणाची, हे आधी विचारणारी संस्था

राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाची स्थापना २००० सालची आहे. पण ज्या अस्वस्थतेतून तळागाळातल्या शोधकर्त्यांना गौरवणारा या संस्थेचा पुरस्कार जन्मला, ती त्याहून बरीच जुनी. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत, म्हणजे आयआयएममध्ये, प्रा. अनिल गुप्ता १९८१ पासून शिकवत होते. १९८५-८६ मध्ये ते बांगलादेशाच्या कृषी संशोधन संस्थेत सल्लागार म्हणून गेले. शेतकरी स्वतःच्या रानात काय काय करून बघतात, याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधणे हा त्या कामाचा गाभा होता. काम चांगले झाले आणि मानधनही चांगले मिळाले. परत आल्यावर मात्र एक प्रश्न त्यांना सोडेना. आपण जे लिहिले ते शेतकऱ्यांकडून ऐकलेले. लिहिले इंग्रजीत, म्हणजे ज्यांनी सांगितले त्यांना ते वाचता येणार नाही. लेखांत त्यांची नावे नाहीत. आणि मिळालेल्या पैशांतले त्यांच्यापर्यंत काहीच पोहोचले नाही. सावकार शेतकऱ्याला लुबाडतो असे आपण लिहितो, मग माहिती घेऊन मोकळ्या होणाऱ्या अभ्यासकाला काय म्हणायचे?

या प्रश्नाला गुप्ता यांना मधमाशीत उत्तर सापडले. मधमाशी फुलातला मकरंद नेते तेव्हा फूल गरीब होत नाही. उलट एका फुलाचा पराग दुसऱ्यावर जातो आणि फळ धरते. अभ्यासकानेही तसेच वागावे, या विचारातून ‘हनी बी नेटवर्क’ उभे राहिले. त्याचे नियम अगदी साधे होते. ज्याच्याकडून ज्ञान घेतले त्याचे नाव, गाव आणि पत्ता छापायचा. जे घेतले ते त्याच्या भाषेत परत न्यायचे. त्यातून काही मिळकत झाली, तर तिच्यात त्याचा रास्त वाटा ठेवायचा. १९९० मध्ये ‘हनी बी’ हे वार्तापत्र इंग्रजीत सुरू झाले. पाठोपाठ गुजरातीत ‘लोकसरवाणी’, हिंदीत ‘सूझबूझ’, कन्नडमध्ये ‘हित्तलगिडा’, तमिळमध्ये ‘नम्म वळि वेळाण्मै’, अशी देशी भाषांतली भावंडे निघाली. पिकावरच्या किडीचा घरगुती उपाय, जनावराच्या आजारावरचा झाडपाला, गावच्या सुताराने बदललेले अवजार, असा मजकूर त्यांत असे आणि प्रत्येक नोंदीखाली सांगणाऱ्याचे नाव असे.

पुरस्काराच्या इतिहासात वार्तापत्राविषयी इतके लिहायचे कारण आहे. पुढे राष्ट्रपती भवनात जो सन्मान दिला गेला, त्याचे बीज या छापील नावात आहे. ‘एका शेतकऱ्याच्या म्हणण्यानुसार’ या शब्दांत आपल्याकडे असंख्य माणसे विरघळून गेली आहेत. कृषी अहवालात वाण येते, औषधाच्या पुस्तकात वनस्पती येते आणि ती ओळखणारा माणूस मागेच राहतो. सन्मानपत्र, शाल आणि रक्कम या पुढच्या गोष्टी. नाव जपून ठेवणे हे मूळ काम, आणि हनी बीने ते आधी केले.

१९९३ मध्ये अहमदाबादला ‘सृष्टी’ ही स्वयंसेवी संस्था स्थापन झाली. नोंदी गोळा करणे, त्या पडताळणे आणि शोधकर्त्यांचा सन्मान करणे हे काम तिने अंगावर घेतले. १९९७ च्या जानेवारीत आयआयएममध्ये तळागाळातील सर्जनशीलतेवर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. त्यानंतर गुजरात सरकारच्या सहकार्याने ‘ज्ञान’ ही संस्था आली. खेड्यातल्या माणसाची कल्पना, अभियंत्याचे कसब आणि भांडवल या तिन्हींची गाठ घालून देणे हा तिचा उद्देश होता.

त्या काळातले शोध आजही मन वेधून घेतात. जुनागढ जिल्ह्यातील पिखोर गावच्या अमृतभाई अग्रावतांनी उलटी होणारी बैलगाडी बनवली. शेणखत भरलेली गाडी रानात नेल्यावर फावड्याने रिकामी करायला माणसांचा किती वेळ जातो, हे शेतीवाल्याला सांगावे लागत नाही. अमृतभाईंची गाडी कलते आणि खत हवे तिथे पडते. तिला नाव दिले ‘आरुणि’. त्यांचाच दुसरा शोध विहिरीच्या कप्पीचा. पाणी शेंदताना बाई दमली, तरी दोर सोडता येत नाही. सोडला तर भरलेला पोहरा पुन्हा तळाशी. अमृतभाईंनी कप्पीला अटकाव बसवला. हात सैल पडला की दोर जागीच थांबतो आणि बाईला श्वास घ्यायला उसंत मिळते. विहिरी आणि कप्प्या शतकानुशतके आहेत, पाणी शेंदणाऱ्या बायाही तितक्याच जुन्या. या दुरुस्तीला इतका उशीर का लागला, याचे उत्तर यंत्रशास्त्रात मिळायचे नाही. पाणी कोण ओढते आणि यंत्रे कोण बनवते, या दोन प्रश्नांत ते आहे.

या इतिहासात मनसुखभाई नावाचे तिघे जण आहेत आणि वाचकाचा घोटाळा होऊ नये म्हणून तिघांना वेगळे सांगतो. अमरेली जिल्ह्यातले मनसुखभाई जगानी यांनी मोटारसायकलचे मागचे चाक काढून तिथे शेतीची अवजारे जोडता येतील अशी ‘बुलेट सांती’ तयार केली. दुष्काळी भागात वैरण महाग आणि बैलजोडी पोसणे अवघड, त्यामुळे कुळवणी-पेरणीला तिचा मोठा आधार झाला. दुसरे मनसुखभाई पटेल. विरमगामकडच्या देशी कपाशीचे बोंड पुरते उमलत नाही. बाया आणि लहान मुले घरी बसून ती बोंडे हाताने सोलत आणि या कामापायी मुलांची शाळा बुडत असे. पटेलांनी बोंडातून कापूस वेगळा करणारे यंत्र केले. तिसरे वांकानेरचे कुंभार मनसुखभाई प्रजापती. २००१ च्या भूकंपात फुटलेल्या माठाचे छायाचित्र वर्तमानपत्रात आले, त्याखाली ‘गरिबाचा फ्रीज फुटला’ अशा आशयाची ओळ होती. त्यावरून त्यांनी विजेशिवाय चालणारा मातीचा फ्रीज घडवला. ‘मिट्टीकूल’ या नावाने तो देशभर गेला.

शोध घरबसल्या सापडत नाहीत, हे हनी बीच्या मंडळींना फार लवकर कळले. १९९८ च्या उन्हाळ्यात गीरच्या परिसरात पहिली शोधयात्रा निघाली. तेव्हापासून वर्षातून दोनदा यात्रा निघते: उन्हाळ्यात उष्ण प्रदेशात, हिवाळ्यात थंड प्रदेशात. ऋतू मुद्दाम उलटा निवडलेला. त्या त्या मुलखात ज्या काळात जगणे सर्वात कठीण, त्याच काळात तिथून चालायचे. शोधयात्री आठ-दहा दिवस पायी जातात, मुक्कामाला शाळेत किंवा देवळात उतरतात. चार गुरूंकडून शिकायचे असा तिथला संकेत आहे: आपल्या आतला गुरू, बरोबरीचे सोबती, निसर्ग आणि सामान्य माणूस.

मला स्वतःला या साऱ्या कामात शोधयात्रेतला सन्मान सर्वात मोलाचा वाटतो. गावात वैदू असेल, बियाणे राखणारी म्हातारी असेल, अवजारात बदल करणारा लोहार असेल, तर सन्मान त्याच्या दारात जाऊन, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत होतो. ‘हा काहीतरी खटपट करत बसतो’ म्हणून ज्याला गावाने वेड्यात काढले, त्याच्या घरी परमुलखातून माणसे चालत आली, हे गाव पाहते. राजधानीतल्या समारंभाने शोधकर्त्याचे नाव देशाला कळते. पण त्याला राहायचे असते त्याच गावात, त्याच भावकीत. तिथली नजर बदलणे हे त्याच्या दृष्टीने जास्त गरजेचे.

यात्रेत गावोगावी स्पर्धाही होतात. मुलांसाठी जैवविविधतेची स्पर्धा असते: कोणाला जास्त वनस्पती ठाऊक आहेत आणि त्यांचे उपयोग सांगता येतात. वर्गात मागच्या बाकावर बसणारी मुले इथे पुढे येतात, असा या मंडळींचा अनुभव आहे. मुलांकडून नव्या कल्पनाही मागवल्या जातात. बायकांसाठी पाककृतींची स्पर्धा, आणि पदार्थात न पेरता उगवणारी किमान एक रानभाजी असावी अशी अपेक्षा. यातून जे कळते त्याची किंमत दुष्काळी वर्षात समजते. शेतात काही नसताना घर कशावर तगले, याची माहिती कृषी खात्याच्या दप्तरात सापडेलच असे नाही. ती चुलीपाशी सापडते. आणि इथे एक उणीव नोंदवणे भाग आहे. प्रतिष्ठानाच्या राष्ट्रीय पुरस्कारांच्या यादीत स्त्रियांची नावे कमी आहेत. यंत्र दिसते, मोजता येते, त्याचे पेटंट घेता येते. बियाणे निवडणे, साठवणे, रांधणे, आजारपण सांभाळणे यांतली कल्पकता तशी चटकन डोळ्यांत भरत नाही. शोधयात्रेतल्या स्पर्धांनी ही बाजू थोडी उजेडात आणली. राष्ट्रीय पुरस्काराने त्यापुढे बरेच जायला हवे.

हनी बीचे हे काम देशपातळीवर नेण्यासाठी तेव्हाचे केंद्रीय अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी १९९९-२००० च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाची घोषणा केली. २० कोटी रुपयांचा निधी ठरला, विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने पाठबळ दिले आणि २००० साली अहमदाबादेत काम सुरू झाले. अध्यक्षपदी आले डॉ. रघुनाथ माशेलकर.

माशेलकरांची निवड किती चपखल होती, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. गोव्यातल्या माशेल गावी जन्मलेला, गिरगावातल्या गरिबीत आईच्या कष्टांवर शिकलेला हा शास्त्रज्ञ तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचा, म्हणजे सीएसआयआरचा, महासंचालक होता. हळदीची लढाई नुकतीच होऊन गेली होती. जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतले. आपल्या आज्यांना ठाऊक असलेली गोष्ट नवी नाही, हे सिद्ध करायला जुने लिखित पुरावे शोधून द्यावे लागले. जे लिहिलेले नाही, ते परक्याच्या नावावर चढायला वेळ लागत नाही. हनी बीचे लोक वार्तापत्रात नाव-पत्त्यासह नोंदी का छापत होते, याला यापेक्षा मोठे समर्थन काय हवे?

प्रतिष्ठानाच्या पुरस्काराची एक अट पहिल्यापासून वेगळी ठरली. शोध बाहेरच्या कोणत्याही संस्थेच्या मदतीशिवाय, स्वतःच्या बुद्धीने केलेला हवा. शेतकरी, कारागीर, गॅरेजवाला, गुराखी, गृहिणी, शाळा सुटलेला मुलगा हे इथले मुख्य स्पर्धक. परंपरेने चालत आलेले ज्ञान एका माणसाचे नसून साऱ्या समाजाचे असेल, तर त्या समाजालाही धरून विचार होतो. प्रवेशिका आली की तिची नोंद होते, कार्यकर्ता शक्यतो जागेवर जाऊन पाहतो, असे कोणी आधी केले आहे का हे धुंडाळले जाते, तज्ज्ञ मत देतात. वनौषधी असेल तर प्रयोगशाळेत चाचणी, वाण असेल तर शेतावर चाचणी. आणि या सर्वांत शोधकर्त्याची पूर्वसंमती घेतली जाते: तुझी माहिती कोणाला दाखवायची, किती दाखवायची, त्याच्या बदल्यात तुला काय हवे. साऱ्या देशातून जमलेल्या कल्पना, शोध आणि पारंपरिक रीतींची संख्या पुढे सव्वातीन लाखांच्या वर गेली. त्यांतल्या सगळ्या नव्या नाहीत, वेगळ्याही नाहीत, हे संस्था स्वतःच सांगते. हा प्रामाणिकपणा मला महत्त्वाचा वाटतो.

या पुरस्काराचे एक उदाहरण म्हणून आता चंद्रपूर जिल्ह्याकडे येऊ. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे यांचे शिक्षण तिसरीपर्यंतचे आणि जमीन दीड एकर. १९८३ मध्ये पटेल-३ जातीच्या धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर आणि बारीक दाण्यांच्या. त्यांनी त्या बाजूला काढून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या आणि वर्षामागून वर्षे निवड करत राहिले. तांदूळ बारीक, शिजल्यावर चवीला उत्तम आणि उताराही चांगला. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने ते बियाणे नेऊन पिकवले, धान तळोधीच्या बाजारात गेले. जातीला नाव नव्हते. तेव्हा एचएमटीची घड्याळे सर्वांच्या तोंडी होती, तेच नाव व्यापाऱ्याने धानाला दिले. बघता बघता ‘एचएमटी’ महाराष्ट्राबाहेरच्या धानपट्ट्यातही पसरला. १९९४ मध्ये पंजाबराव कृषी विद्यापीठाने, म्हणजे पीकेव्हीने, दादाजींकडून बियाणे नेले आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ हे शुद्ध केलेले वाण प्रसारित झाले.

२००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींना प्रतिष्ठानाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि एचएमटी कोणाचा, या प्रश्नाला देशाच्या पातळीवर जाहीर उत्तर मिळाले. ‘फोर्ब्ज’ने २०१० मध्ये ग्रामीण भारतातल्या प्रभावी उद्यमशील माणसांच्या यादीत त्यांना घेतले. त्यांनी नांदेड-९२, विजय नांदेड, दीपकरत्न, डीआरके अशी आणखी वाणे निवडून काढली. सगळी त्याच इवल्याशा रानात.

पण दादाजींची ओढाताण पुरस्काराने संपली नाही. त्यांच्या हातून निघालेला तांदूळ लाखो ताटांत होता, बियाणे विकणाऱ्यांनी पैसे कमावले, आणि दादाजी अखेरपर्यंत गरीबच राहिले. ३ जून २०१८ रोजी ते गेले. संस्थेच्या इतिहासात यशच लिहायचे असा रिवाज आहे. तरीही हे इथे लिहिलेच पाहिजे. शेतकऱ्याने निवडलेल्या वाणावर त्याचा हक्क मानणारा कायदा आपल्याकडे २००१ मध्ये झाला. तोवर एचएमटी हातोहात पसरून गेला होता. पुरस्काराने नाव परत मिळते, वाटा आपोआप मिळत नाही. हनी बीच्या तीन नियमांतला तिसरा नियम पाळणे सर्वात अवघड, हे दादाजींच्या आयुष्यावरून कळते.

त्या दिशेने प्रतिष्ठानाने काही केलेच नाही असे मात्र नाही. २००३ मध्ये भारतीय लघुउद्योग विकास बँकेच्या, म्हणजे सिडबीच्या, मदतीने सूक्ष्म उद्यम निधी उभा राहिला. त्यातून शोधकर्त्याला तारण आणि जामीन न मागता, एका सहीवर पैसे दिले गेले. मातीचे भांडे घडवणाऱ्याला किंवा गॅरेज चालवणाऱ्याला बँकेत कोणती वागणूक मिळते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या एका सहीचे महत्त्व समजेल. शोधकर्त्यांच्या नावाने पेटंटचे अर्ज केले गेले, काहींना परदेशी पेटंटही मिळाले, उद्योगांशी परवान्याचे करार झाले. मग पुढचा पेच आला. बुलेट सांती बघून सौराष्ट्रातल्या इतर कारागिरांनी तशी यंत्रे बनवायला सुरुवात केली. पेटंट दाखवून त्यांना अडवायचे का? एका गरीब कारागिराचा हक्क राखताना दुसऱ्या गरीब कारागिराची चूल बंद करायची का? गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला मार्ग मला न्याय्य वाटतो. माणसाकडून माणसाने शिकावे, नक्कल करावी, सुधारणा करावी. कंपनीला वापरायचे असेल तर तिने परवाना घेऊन मोबदला द्यावा. काही शोधांचे हक्क प्रतिष्ठानाने शोधकर्त्याला रक्कम देऊन विकत घेतले आणि ते लोकांना वापरायला खुले केले.

२००९ चा पुरस्कार सोहळा राष्ट्रपती भवनात झाला. तिथे राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते गौरवलेल्यांत कोइम्बतूरचे अरुणाचलम मुरुगनंतम होते, स्वस्त सॅनिटरी नॅपकिन बनवणारे छोटे यंत्र घडवणारे. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाले, पण त्याआधी कित्येक वर्षे त्यांनी घर आणि गाव दोन्हींचा रोष सोसला होता.

कलामांना मुलांची ओढ आणि प्रतिष्ठानाला कल्पनांची, यातून २००८ मध्ये ‘इग्नाइट’ ही मुलांची स्पर्धा सुरू झाली. इथे यंत्र करून दाखवावे लागत नाही, नुसती कल्पना पुरते. बारावीपर्यंतची मुले आणि शाळेबाहेरची मुलेही भाग घेतात. कल्पना निवडली गेली की प्रतिष्ठान तिचा नमुना तयार करवून घेते आणि पेटंटचा अर्ज मुलाच्या नावाने करते. पाटण्याच्या एका शाळकरी मुलीच्या आजोबांना वॉकर घेऊन जिना चढता येईना. पुढचे पाय लांब-आखूड करता येतील असा वॉकर तिने सुचवला, बक्षीस मिळवले आणि पुढे तसा वॉकर बाजारातही आला. आजोबांकडे रोज बघणाऱ्या नातीला जे दिसले ते वॉकर बनवणाऱ्या कारखान्यांना दिसले नव्हते. निकाल कलामांच्या जन्मदिनी, १५ ऑक्टोबरला लागतो आणि त्यांच्या निधनानंतर या पुरस्काराला त्यांचेच नाव दिले गेले. तंत्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ‘सृष्टी’ने २०१२ पासून वेगळे पुरस्कार सुरू केले.

२०१० मध्ये प्रतिष्ठान विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची अनुदानित संस्था झाली. निधीच्या व्याजावर चालणाऱ्या छोट्या घराला पक्की मिळकत आली, कर्मचारी वाढले, सरकारी शिस्तही आली. पुढे संस्थेचे ठाणे गांधीनगरजवळच्या अमरापूरला, ग्रामभारतीच्या परिसरात गेले. प्रणव मुखर्जी, रामनाथ कोविंद आणि २०२३ मध्ये द्रौपदी मुर्मू, अशा राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार दिले जात राहिले. माशेलकर २०१८ पर्यंत अध्यक्ष होते. त्यांचे तेवढे दीर्घ सातत्य आणि गुप्ता यांचे न थकता चालणे, या दोन गोष्टींमुळे ही संस्था टिकली असे माझे मत आहे.

प्रवेशिका पाठवायला शुल्क नाही आणि भाषेची अट नाही. मराठीत साध्या कागदावर लिहून पाठवले तरी चालते. स्वतः लिहिता न येणाऱ्याची कल्पना दुसऱ्याने पाठवली, तर पाठवणाऱ्याची नोंद खबर देणारा म्हणून वेगळी होते आणि कल्पनेपुढे नाव लागते ते ज्याची ती आहे त्याचे.